300 डीपीआय केल्यानं मोबाईलवर फोटो साफ होत नसतो बाबांनो

सकाळी सकाळी औशाहून भाच्याचा फोन, "मामा, पेज उघडंना." दाजींचं बियाण्याचं दुकान आहे, पेरणीच्या तोंडावर पोरानं सोयाबीनच्या पिशव्यांचे 14 फोटो टाकून वेबपेज केलंय. बघतो तर एकेक फोटो 20 एमबीच्या पुढं! हे कोणी सांगितलं म्हणलं, तर त्यानं तेच फॉरवर्ड पाठवलं जे आठवडाभर आमच्या तीन ग्रुपात फिरायलंय: मोबाईलसाठी फोटो कायम 300 डीपीआयला सेव्ह करा, 1080 बाय 1920 साईज सगळ्या फोनला बसते, जमेल तितका मोठा टाका फोन आपोआप लहान करतो, आणि फोटोची फाईल पीएनजी प्रकारातच ठेवा. यातला दुसरा आणि तिसरा नियम एकमेकांनाच खोडतात, तेवढंपण कुणी बघितलं नाही.

आधी ते 300 चं खूळ. डीपीआय हा फाईलमध्ये लिहिलेला एक आकडा, छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे ते सांगणारा. लग्नपत्रिका छापायची असेल तर 300 बरोबर आहे, एवढं मान्य. पण पेजवरचा फोटो दाखवताना ब्राउझर त्याच्याकडं ढुंकूनपण बघत नाही, 1200 बाय 900 चा फोटो 72 ला ठेवा का 300 ला, पिक्सेल तेवढेच. आमच्या भाच्यानं तर फोटोशॉपात रिसॅम्पलची (म्हणजे पिक्सेलची संख्याच बदलायची) टिक चालू ठेवूनच 72 चे 300 केले, म्हणजे 1200 बाय 900 चा झाला 5000 बाय 3750, आणि वाढलेले सगळे पिक्सेल सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलेले. ताकात पाणी ओतलं की तांब्या भरतो, ताक वाढत नाही. वर असला एक फोटो पूर्ण उघडला तर पिक्सेलला 4 बाइट धरून मेमरीत 75 एमबी खातो. चौदाचे किती झाले बघा, आणि शेतात एक कांडी रेंज असलेल्या माणसानं हे उघडायचं?

एकच साईज सगळ्यांना बसते म्हणणाऱ्यांनी गुगलचं अँड्रॉइड डॉक्युमेंटेशन उघडावं. 160 डीपीआयच्या स्क्रीनवर 48 पिक्सेलचा आयकॉन 240 ला 72 लागतो, 320 ला 96, 480 ला 144, 640 ला 192. (इथला डीपीआय स्क्रीनचा बरं का, फोटोच्या फाईलचा नाही, सगळा घोळ इथंच झालेला दिसतो.) दाजींचा फोन 720 बाय 1600, माझा 1080 बाय 2400, पण ब्राउझर ज्या मापात पेज मांडतो त्या हिशोबानं दोन्हींची रुंदी 360 च, त्यांच्यात दुप्पट आणि माझ्यात तिप्पट पिक्सेल भरलेत एवढाच फरक. म्हणून पूर्ण रुंदीचा फोटो त्यांना 720 चा पुरतो, मला 1080 चा लागतो. दोन्ही ठेवायचे, पेजच्या कोडात एसआरसीसेटमध्ये (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या साईजची यादी) लिहायचे, कुठला घ्यायचा ते ब्राउझर ठरवतो.

मोठा फोटो फोन लहान करतो हे खरंय, पण आधी अख्खा डाउनलोड करून, डेटा तुमचाच जातो. पीएनजी लोगोला, स्क्रीनशॉटला ठीक, फोटोला जेपीईजी नाहीतर वेबपी.

भाच्याला दोन साईज करायला लावल्या, पेज लगेच उघडलं. दाजींचा लगेच फोन, पिशवीवरचा लॉट नंबर वाचता येईना. त्यांना म्हणलं, मूळ फोटोच हललेलाय, पिशवी उन्हात आणून परत काढायला सांगा.