क्रम बदलला म्हणून उपास खोटा ठरतो?

कडोली, उचगाव, कारदगा, येळ्ळूर. सीमाभागात साहित्य संमेलनांचे दिवस आले की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. त्यात म्हटलंय: गरिबीची आत्मकथनं निम्मी रचलेली असतात, म्हणून ती साक्ष धरू नयेत. ज्याला लिहिता येतं तो खरा गरीब नसतोच. बेघर माणूस फिरतो ते त्याला फिरणं आवडतं म्हणून. आणि लेखक वर आला, म्हणजे कष्ट केले की कुणीही वर येतं. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईच्या घरी वाढले मी. हे मला गिळवत नाही.

रचलेलं असतं, हे खरंच. मजकुरात दाखला इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेलचा आहे: 1933 च्या पॅरिस-लंडनवरच्या पुस्तकात उपाशी राहिल्याचं लिहितो, आणि त्याची मावशी पॅरिसमध्येच होती! होती. पण फ्रेंच आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानंच सांगून टाकलंय की प्रसंगांचा क्रम हुबेहूब ठेवलेला नाही, मात्र लिहिलेलं सगळं कधी ना कधी घडलेलं आहे. 'बलुतं'मध्ये (1978) दगडू आपली कहाणी दया पवारांना सांगतो, आणि दोघं एकच आहेत हे वाचकाला ठाऊक असतं. यात फसवणूक कुठली?

माझी आई सांगते तेव्हा पारखणीत ढीगभर बिड्या बाद झाल्या तो दिवस आणि घरमालकानं भांडी रस्त्यावर ठेवली तो दिवस एकच असतो. प्रत्यक्षात मध्ये काही महिने गेले होते. पण मजुरी कापली गेली, म्हणून भाडं थकलं, म्हणून भांडी बाहेर आली. आई मधले महिने गाळते, पण घडण्यामागचं कारण गाळत नाही. तिला खोटी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता फिरण्याची आवड. ऑरवेल लिहितो तेव्हाच्या इंग्लंडात बेघरांच्या एकाच सरकारी निवाऱ्यात महिन्यात एकापेक्षा जास्त रात्र राहायला बंदी होती. सकाळी उठून पुढच्या निवाऱ्याची वाट धरणं भागच होतं. लोक त्याला भटकेपणा म्हणायचे, आणि तो कायद्यानंच लावलेला होता! आपल्याकडं 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतः चोर ठरवलं. कुणाला रोज हजेरी, कुणाला सोलापूर, हुबळी, विजापूरच्या वसाहतीत कोंडलेलं. 1952 च्या 31 ऑगस्टला सुटका झाली, पण गावाच्या नजरेतला संशय तसाच राहिला. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (1980) वाचा. टोपल्या विणणारं कैकाड्याचं बिऱ्हाड गाढवावर संसार लादून गावोगाव जातं. ही हौस नव्हे. आजही हंगामात चिकोडी-संकेश्वरकडं उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या दिसतात. आत राहणाऱ्यानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत त्याचं गाव कोणतं, हे कोयताच ठरवतो.

लिहिणारा गरीब नसतो, हे तर निपाणीत बसून कुणी म्हणूच नये. महादेव मोरे इथंच पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले आणि तंबाखूच्या वखारीतली, गॅरेजातली माणसं त्यांनी मराठी कथेत आणली. उलट ऑरवेल त्या गरिबीतून परत जाऊ शकत होता, हे कबूल. पण पुस्तकाच्या शेवटी तोही म्हणतो की आपण गरिबीची फक्त कड पाहिली. आपण किती पाहिलं हे इतकं नेमकं सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवते.

राहिलं कष्टाचं. आमच्या चाळीत आईच्या सुपाशेजारी आणखी दोघींची सुपं असायची. दिवा लागेपर्यंत तिघी एकाच वेगानं पानं कापायच्या, वळायच्या. आईच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली. त्या दोघींच्या मुली पाचवीतच सुपाशी बसल्या, कारण त्या वर्षी त्यांच्या घरात आजारपण होतं आणि आमच्या घरात नव्हतं.