जागीच थिजणे म्हणजे भित्रेपणा नव्हे

लातूर-नांदेडकडच्या अनेक व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : मेंदूत अमिग्डाला नावाचे भीतीचे एकच बटण असते, ते दाबले गेले की खंबीर माणूस लढतो किंवा पळतो, आणि जो जागीच थिजतो तो मनाने कमकुवत असतो.

बटणाचा दावा फार काळ टिकत नाही. एका दुर्मीळ आजारात दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झालेली, संशोधनात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी स्त्री सापांनाही घाबरत नसे; तरीही २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगताच ती भयाने कासावीस झाली. म्हणजेच भीतीला मेंदूत दुसऱ्याही वाटा आहेत.

‘लढा किंवा पळा’ ही मांडणी अपुरी आहे, आणि तीच अधिक नुकसान करते. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देताना बॅटरीच्या उजेडात दोन पावलांवर घोणस दिसली आणि पाय जमिनीला खिळले, हा अनुभव मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवा नाही. त्या क्षणी मेंदू बंद पडलेला नसतो. मध्यमेंदूतील एका करड्या पेशीसमूहात थिजण्याचा आदेश देणाऱ्या पेशी असतात आणि एरवी त्यांना शेजारच्या पेशी दाबून धरतात. धोका ओळखला गेला की अमिग्डाला या दाबून धरणाऱ्या पेशींनाच आवरते, आणि मोकळा झालेला आदेश मेंदूच्या देठाकडे जातो. उंदरांमध्ये हा मार्ग २०१६ मध्ये उलगडला. या अवस्थेत स्नायू ताठ होतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि लक्ष धोक्यावर खिळते. याच पेशीसमूहाचा वरचा भाग पळण्याशी निगडित आहे. डोक्यावर झेपावणारी सावली दाखवली तर जवळ बीळ असलेला उंदीर बहुधा तिकडे धावतो, बीळ नसलेला बहुधा थिजतो. उंदराला आपण भ्याड म्हणत नाही.

तिसरा दावा, कमकुवत मनाचा, मला सर्वांत जास्त लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला तेव्हा उंबऱ्यातून पाऊल उचलले नाही म्हणून आमच्या ओळखीच्या एका मावशींनी कित्येक वर्षे स्वतःला दोष दिला. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे सत्तर टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात निश्चल झाल्याचे सांगितले. ही अवस्था घोणस पाहून थबकण्याहून वेगळी आणि अधिक खोल आहे, परंतु तीही इच्छेने निवडलेली नसते. अशा स्त्रीला ‘ओरडली का नाहीस?’ असे विचारणाऱ्यांना या संदेशातून बळ मिळते, म्हणूनच तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या गटातून काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे.