संत्र्याच्या रसाचे कार्बन डॉट शरीरात ‘विरघळतात’?

‘संत्र्याच्या रसापासून बनवलेले चमकणारे नॅनोकण नैसर्गिक आहेत, त्यामुळे ते शरीरात विरघळतात, कॅन्सरची गाठ उजळवतात, औषध नेमके तिथेच सोडतात आणि अमेरिकेत त्यांची माणसांवर चाचणीही झाली आहे,’ असा दावा बराच फिरतो आहे.

आधी ‘नैसर्गिक म्हणून विरघळणारे’ हे बघू. संत्र्याच्या रसापासून कार्बन डॉट, म्हणजे काही नॅनोमीटरचे चमकणारे कार्बनचे कण, बनतात हे खरे आहे. २०१२ साली भारतीय संशोधकांनी रस १२० अंश सेल्सिअसला अडीच तास तापवून ते बनवले. पण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या बंद ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या भांड्यात) साखर आणि सायट्रिक आम्लातले पाणी निघून जाते, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कार्बनचा गाभा तयार होतो. हा गाभा म्हणजे संत्रे नव्हे. तो शरीरात कशाने तुटतो आणि किती दिवसांत, हे प्रत्येक नमुन्यासाठी वेगळे मोजावे लागते. तुटला तरी धोका संपतोच असे नाही: प्रकाशाने विघटन झालेल्या कार्बन डॉटचे अवशेष पेशींना विषारी ठरल्याचे २०२१ मध्ये दाखवले गेले.

कण विरघळतात याचा पुरावा म्हणून ‘ते लघवीतून निघून जातात’ असे सांगितले जाते; तोही अपुरा आहे. मूत्रपिंडाची गाळणी साधारण ५.५ नॅनोमीटरपेक्षा लहान कणच सहज सोडते, आणि हे माप द्रवातल्या कणाचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ४ नॅनोमीटरचा दिसणारा कण रक्तातली प्रथिने चिकटल्यावर ही मर्यादा ओलांडू शकतो. मग तो यकृतात आणि प्लीहेत अडकतो.

खरी गफलत मात्र शुद्धीकरणात होते. कार्बन डॉट बनवण्याच्या एका नेहमीच्या कृतीत सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन (नायट्रोजन असलेले एक रसायन) २०० अंशांना पाच तास तापवले की द्रावण यूव्ही टॉर्चखाली झगझगीत निळे दिसते. त्यातला बराच उजेड कणांचा नसून सोबत तयार झालेल्या सुट्या रेणूंचा असतो. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, नंतर १००० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) पिशवीत भरून पाण्यात दोन दिवस डायलिसिस करा, म्हणजे लहान रेणू पिशवीबाहेर पडतील, आणि पाणी दर सहा-आठ तासांनी बदला. बाहेरचे पाणी फेकण्याआधी तेही यूव्हीखाली धरा. तेच जास्त चमकत असेल, तर तुमचे पुढचे सगळे आकडे रेणूचे असतील. असा रेणू लघवीतून झटपट निघून जातो आणि ‘कण विरघळला’ असा निष्कर्ष काढला जातो.

गाठ उजळवण्याचे म्हणाल, तर असा निळा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते. खोलवरचे दिसायला साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. १९५९ पासून वापरात असलेला इंडोसायनिन ग्रीन हा रंग याच पट्ट्यात चमकतो.

औषध ‘नेमके तिथेच’? दहा वर्षांच्या प्राणी-प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचे मध्यक (सगळे निकाल क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे) प्रमाण ०.७ टक्के निघाले.

माणसांवरची चाचणी झाली ती ‘सी डॉट’ची. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, रुग्ण पाच होते. इथला ‘सी’ कॉर्नेल विद्यापीठाचा आहे, कार्बनचा नाही. ते कण सिलिकाचे आणि आत रंगद्रव्य भरलेले.

विघटन दाखवायचे कसे, याचा चांगला नमुना २००९ चा आहे. सच्छिद्र सिलिकॉनचे चमकणारे कण उंदरांना टोचले. ते सिलिसिक आम्लात विरघळतात आणि ते आम्ल मूत्रपिंडातून बाहेर पडते. संशोधक चमक मावळल्यावर थांबले नाहीत, कारण कण जागेवर असतानाही ती विझू शकते. त्यांनी अवयवांत उरलेले सिलिकॉन चार आठवड्यांपर्यंत मोजले.