जहाज राहू द्या, आधी रस्त्यावरचा गाळ उचला

"नाशिक ते समुद्र, थेट जलमार्ग! नाशिककर असाल तर पुढे पाठवा!" हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. या वेळी दाजींनी टाकला. दाजींना उलट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे मोकळा होतोय.

डोकं फिरतं ते यासाठी की मेसेज धडधडीत खोटाही नाही. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले 111 जलमार्ग आहेत. त्यातला चार नंबरचा, गोदावरी-कृष्णेचा, कागदावर भद्राचलमपासून वर थेट नाशिकपर्यंत ओढलाय. हो, आपल्या नाशिकपर्यंत. उन्हाळ्यात दसक-पंचकला पाणी शोधावं लागतं, दिसतात त्या पाणवेलीच, आणि तिथे म्हणे राष्ट्रीय जलमार्ग. ज्याने ही रेघ मारली त्याला मे महिन्यात होळकर पुलावर उभं करा आणि विचारा, साहेब, जहाज कुठून घालू?

बरं, जाणार कुठे हे जहाज? दाजींची द्राक्षं निफाडहून न्हावा शेवा बंदराला जातात. दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. खड्डे आहेत, ट्रॅफिक आहे, शिव्या आहेत, पण कंटेनर पोचतो. गोदावरी वाहते पूर्वेला. म्हणजे युरोपला जायची द्राक्षं आधी मराठवाडा, मग तेलंगण, मग आंध्र बघणार, बंगालच्या उपसागरात उतरणार आणि श्रीलंकेला वळसा घालून परत पश्चिमेला येणार. तोवर त्यांचे बेदाणे झालेले असतील. वाटेत जायकवाडीची भिंत आहे, विष्णुपुरी आहे, बाभळी आहे, श्रीरामसागर आहे. प्रत्येक ठिकाणी जहाज काय क्रेनने उचलून पलीकडे ठेवणार?

आणि पाणी? गंगेवर हल्दिया ते वाराणसी 1,390 किलोमीटरच्या मार्गात दोन-तीन मीटर खोली टिकवायची म्हणून ड्रेजर, म्हणजे तळाचा गाळ उपसणारी यंत्रं, लावावे लागतात. आणि ती हिमालयातून येणारी गंगा! आपल्याकडे जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं तरी मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात, नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा सुरू होतं. शेताला एक आवर्तन वेळेवर मिळत नाही आणि जहाज तरंगायला बारा महिने पाणी कोण देणार? शहराच्या वरच्या अंगाला तर नदीचा तळ काळ्या पाषाणाचा आहे. सोमेश्वरला जाऊन बघा. तिथे ड्रेजर नाही, सुरुंग लागेल.

समजा, लावले पैसे आणि खोदलंच. नांदूर मध्यमेश्वरचं काय करणार? गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा झाला, मागे वर्षानुवर्षं गाळ साठला, त्या गाळावर बेटं झाली, पाणगवत आलं, पक्षी आले. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे ती, 2020 मध्ये तशी घोषणा झाली. म्हणजे जिथे गाळाने काही चांगलं केलंय तिथेच आधी यंत्र घालावं लागेल. तळ ढवळला की पाणी गढूळ, माशांची अंडी गाळाखाली, मासा गेला की पक्षीही गेले. पात्र खोल केलं की काठ खचतात आणि जवळच्या विहिरींचं पाणी खाली जातं. नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, वाळू उपशाने हे सगळं आधीच दाखवून झालंय.

नदी खणून ती तशीच राहत असती तर एकवेळ समजलो असतो. फरक्काचं धरण 1975 मध्ये सुरू झालं ते कशासाठी? गंगेचं पाणी हुगळीत वळवायचं आणि कोलकाता बंदरातला गाळ धुऊन काढायचा, यासाठी. धरण झालं, हिलसा माशाची वर जायची वाट अडली, आणि बंदराकडे जाणाऱ्या हुगळीत गाळ काढणं आजही चालूच आहे. एकदा खणायला घेतलं की दरवर्षी खणा. हा खर्च बंद होत नसतो. आणि हेच कुणाला तरी फार सोयीचं असतं.

कुणाला, ते बघायला कोलकात्याला जायची गरज नाही. आमच्या पंचवटीत या.

सिंहस्थ जवळ आला की नदीत पोकलेन उतरतात. गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल भांडण नाही. पण काढतात कसा? ओलाच गाळ डंपरमध्ये भरायचा, वर ताडपत्री नाही, मागचं फाळकं धड बंद नाही. चढाला लागलं की मागून काळं पाणी गळत राहतं. तो साधा चिखल नाही, त्यात नाल्याचं सगळं आहे. प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, बुळबुळीत काळा थर, आणि वास असा की हेल्मेटची काच खाली घेतली तरी घशात उतरतो. दुपारी तो वाळतो, त्याची धूळ होते आणि दुकानातल्या मालावर बसते. रात्री पाण्याचा टँकर गेला की पुन्हा घसरगुंडी. माझ्या बायकोची ॲक्टिव्हा वळणावर आडवी झाली, गुडघा सोलून निघाला. ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, रस्ता तरी धुवा. तो म्हणतो, "दादा, आमचं काम नदीतलं आहे, रस्त्याचं दुसऱ्याकडे आहे." वा!

उरलेला गाळ डंपरमध्येही जात नाही. तो काठावरच ढीग घालून ठेवतात, पूररेषेच्या आत. ज्याच्यावरून आम्ही पूर मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तो ढीग कुठे जाणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. पाणवेलींचंही तेच. काढायच्या, काठावर टाकायच्या, पाणी वाढलं की त्या परत नदीत. पण बिल निघतं काढलेल्या घनमीटरवर. परत किती गेला याचं मोजमाप कुणी ठेवत नाही.

आणि गाळ येतो कुठून, हे विचारणारा तर वेडाच. गंगापूर धरण 7,200 दशलक्ष घनफुटांचं बांधलं, आज 5,630 च्या आसपास धरतात. बाकीच्या जागेत गाळ बसलाय. वर डोंगर पोखरायचे, झाडं तोडायची, उतारावर प्लॉट पाडायचे आणि खाली येऊन गाळ काढायचा! शहरात नाले थेट नदीत सोडायचे आणि मग नदीतून नाल्याची घाण उपसायची! नाला अडवला तर त्याचं बिल एकदाच निघेल. गाळाचं दरवर्षी निघतं. धरणातला गाळ निदान शेतकरी शेतात नेऊन टाकतात, त्याचं सोनं होतं. शहरातला हा काळा गाळ कोण घेणार?

हे सगळं दाजींना लिहिणार होतो. लिहिलं फक्त, "छान माहिती, दाजी." त्यांनी अंगठा पाठवला.

पण घाटाजवळच्या त्या ढिगाचे फोटो मी काढून ठेवलेत, तारीख आणि लोकेशनसकट, शेजारी विजेचा खांब येईल असे, म्हणजे उंची कळते. पहिला पूर ओसरला की त्याच खांबाशी उभा राहून पुन्हा काढणार. आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार, की या ठिकाणचा गाळ किती घनमीटर दाखवला, कुठल्या गाडीने कुठे टाकला, आणि मोजणीच्या वहीवर सही कोणाची आहे. गल्लीतल्या दोघा-तिघांनी सोबत सही करतो म्हणून सांगितलंय. अजून कुणी पंचवटीतलं असेल तर कळवा.