खुलासा: रॅकचा अ‍ॅडजस्टर आवळून स्टिअरिंगची थरथर जात नाही

'स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय, थरथरतंय? रॅकचा अ‍ॅडजस्टर अर्धा फेरा आवळा, दोन्ही थांबेल,' असा मेसेज फिरतोय. कृपया तसं करू नका.

अ‍ॅडजस्टर म्हणजे एक स्क्रू. तो स्प्रिंगमार्फत रॅकला (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला) पिनियनवर (स्टिअरिंगसोबत फिरणाऱ्या दातेरी चाकावर) दाबून धरतो, एवढंच. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे दात मधोमध जास्त झिजतात. मधला प्ले घालवायला आवळलंत, की कडेच्या न झिजलेल्या दातांवर रॅक जाम होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. असे आवळलेले रॅक मी स्वतः सैल केलेत. ऐन वळणावर हे फार धोक्याचं आहे.

प्ले बहुधा टाय रॉड एंडमध्ये (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्यात) असतो. गाडी जॅक स्टँडवर घ्या, एकाने चाक डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवावं. टकटक बोटालाच कळते. ८०-१०० च्या वेगात येणारी थरथर सहसा व्हील बॅलन्सिंगची, फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी ब्रेकच्या डिस्कची. हे सगळं ठीक निघालं तरच अ‍ॅडजस्टरला हात लावा, तोही मॅन्युअलमधल्या मापानेच.

तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.