विदाउट

काल बोराबाजारातून मी ९५ मिलिमीटरचं लेन्सचं झाकण विकत आणलं. दीडशे रुपये. ते ज्या लेन्सला बसतं ती लेन्स माझ्याकडे नाही. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. झाकण कपाटात, मोज्यांच्या मागे आहे.

गेलो होतो लेन्सच घ्यायला. १५०-६०० एमएम. भिगवणचे रोहित पक्षी माझ्या फोटोंत दरवर्षी पाण्यावर सांडलेल्या गुलाबी बडीशेपेसारखे दिसतात, म्हणून. सीएसएमटीला उतरलो, रस्ता ओलांडला, तिसऱ्या दुकानात शिरलो. मी लेन्सचं नाव पूर्ण घ्यायच्या आत दुकानदार म्हणाला, "बिलात की विदाउट?"

बिलात ९४ हजार. विदाउट ७६.

विदाउट म्हणजे नकली नव्हे. माल त्याच कारखान्यातला, काच तीच. फक्त कंपनीच्या इथल्या अधिकृत आयातदाराला वळसा घालून तो दुबई नाहीतर हाँगकाँगकडून आलेला असतो, त्यामुळे इथल्या वॉरंटीशी त्याचं काही नातं नसतं. आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं स्टिकर खोक्यावर कायद्याने लागतं, तेही नसतं. मी खोकं फिरवून पाहिलं. पाच बाजूंना चिनी अक्षरं, सहाव्या बाजूला बोटांचे ठसे.

"शॉप वॉरंटी आहे ना साहेब," म्हणत दुकानदाराने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड उलटं केलं, त्यावर बॉलपेनने '१ साल' लिहिलं आणि सही ठोकली.

"आणि तारीख?"

"आज से."

आज म्हणजे कुठला, हे कार्डावर कुठेच नव्हतं.

"१८ हजारांचा फरक कसा?" असा आवाज आला तो तेव्हा. काउंटरपाशी एकच स्टूल होतं, त्यावर सत्तरी ओलांडलेले एक काका बसले होते. खिशाला दोन पेनं, पायाशी कापडी पिशवी, पिशवीतून शेपूची जुडी डोकावतेय. "जीएसटी १८ टक्के. ७६ वर १३ हजार ६८०. झाले ८९ हजार ६८०. वरचे ४ हजार ३२० कुणाचे?"

दुकानदार गप्प. मीही गप्प, कारण मी हा हिशेब मोबाइलवर करायला घेतला होता आणि अजून सात आकड्यापाशीच होतो.

"वॉरंटीचे असतील, काका," मी म्हणालो.

"वॉरंटी बिघडल्यावर लागते. बिघडणार आहे का?" हे दुकानदाराला.

"नाही हो, कंपनीचा माल आहे."

"मग ४ हजार ३२० कशाचे?"

बाप रे, म्हटलं, हे मालकाचे वडील दिसतात. मुलाच्या दुकानात बसून मुलालाच अडवतायत. अशी तत्त्वाची माणसं आता उरली नाहीत. मी आदराने थोडा वाकूनच उभा राहिलो. तेवढ्यात चहा आला. पहिला कटिंग काकांना. दुसरा दुकानदाराने माझ्यापुढे केला, तोही मी काकांच्या पुढे सरकवला. काकांनी दोन्ही घेतले.

"आमच्या वेळी हे विदाउट-बिदाउट काही नव्हतं," काका दुसऱ्या ग्लासात फुंकर मारत म्हणाले. "फॉरेन होतं! १९७८ साली मुसाफिरखान्याच्या स्मगलिंग बाजारातून टू-इन-वन रेडिओ घेतला. बिल मागितलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं. चाळीतली माणसं बघायला यायची. आता तोच माल, तोच आडमार्ग, आणि हे तोंड चोरून घेणार." शेवटचं माझ्याकडे पेनाने बोट करून. मग दुकानदाराला, "अरे, मुलाला नीट काढून दाखव. खोक्यावरून काय कळतंय त्याला?"

सेहेचाळीस वर्षांचा मुलगा मी. लेन्स हातात आली. दोन किलोच्या आसपास, गार, नव्या रबराचा वास. रिंग फिरवली तशी ती तेलात घोळल्यासारखी पुढे सरकली. ७६ तर ७६, असं मन म्हणालं.

आता खरं सांगतो, मी बिलवाला माणूस आहे. मागची लेन्स बिलातच घेतली. बिल लॅमिनेट केलं. पावसाळ्यात आत बुरशी धरली म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने मूळ बिल मागितलं, वॉरंटी कार्ड मागितलं, खोकं मागितलं, आणि हे सगळं नीट तपासून मग सांगितलं की बुरशी वॉरंटीत येत नाही. मुंबईत! इथे जुलैमध्ये चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. बुरशी नाही तर दुसरं काय होणार लेन्सला इथे, बर्फ साचणार? एकेचाळीस दिवस लेन्स त्यांच्याकडे होती. पैसे भरून साफ करून मिळाली. विदाउटवाल्यालाही बुरशीचे पैसेच पडले असते. मग मी जास्तीचे कशाचे भरले? ती मुलगी मला 'सर' म्हणाली, त्याचे?

हे मी दुकानात मोठ्याने बोललो की काय कोण जाणे, कारण शेजारी उभा असलेला लग्नाचे फोटो काढणारा एक पोरगा म्हणाला, "सर, बिलातच घ्या. मी नेहमी बिलातच घेतो."

"प्रामाणिक आहेस," मी म्हणालो.

"नाही हो, जीएसटी नंबर आहे. इनपुट मिळतं, टॅक्स वळता होतो."

म्हणजे धंदेवाल्याचा कर वळता होणार, विदाउटवाला भरणारच नाही, आणि रोहित पक्ष्यांपायी पूर्ण कर भरणारा मी एकटा. भिगवणच्या पक्ष्यांनाही इतकं एका पायावर उभं राहावं लागत नसेल.

काका उठले. शेपू सावरली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाई करू नका. आज नकोच." आणि गेले.

मी लेन्स काउंटरवर ठेवली. "तुमचे वडीलच नको म्हणतात, तर..."

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "माझे? माझे वडील गावाला असतात. तुमच्याबरोबर आले होते ना ते?"

"नाही!"

"तुमच्या आधी पाच मिनिटं आले. म्हणाले, मुलगा येतोय."

दोघेही दारापर्यंत गेलो. बोराबाजारातल्या त्या गर्दीत शेपूची जुडी काही दिसली नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, "आमच्याकडेही बसून गेले. दोन चहा."

दुकानदाराच्या नजरेत संशय स्पष्ट होता की बाप-लेकाने मिळून त्याचा अर्धा तास आणि दोन कटिंग खाल्ले. मी बापाविना, चहाविना उभा. चहा मी प्यायलो नव्हतो, पण माझ्या नावावर लागला होता. असं रिकाम्या हाताने कसं निघायचं? हाताशी झाकणं टांगलेली होती. त्यातलं एक ओढलं. "बिल?" त्याने विचारलं, आणि तो हसला, हे मी विसरणार नाही.

आज सकाळी त्याचा व्हॉट्सॲप आला. 'साहेब, विदाउटचा एकच पीस उरलाय. ७४ ला देतो. पप्पांना विचारून सांगा.'