पडलेल्या माणसाकडे कसे पाहावे

पावसाळ्यातल्या सकाळी इंदूरमध्ये पोह्यांची प्लेट हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला एक नैतिक प्रश्न वारंवार सोडवावा लागतो. समोरून स्कूटर येते, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिचे पुढचे चाक जाते, वरचा गृहस्थ डाव्या कुशीवर गढूळ पाण्यात आडवा होतो आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतले टोमॅटो रस्ताभर धावत सुटतात. आता हळहळावे की हसावे? विचाराला वेळ फार थोडा असतो, कारण पोहे गार होतात आणि वरची शेव मऊ पडते. आमच्या वस्तीच्या वळणावरच्या गाडीपाशी उभे राहून गेली अनेक वर्षे मी या विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास केलेला आहे (पोहे अर्थातच स्वखर्चाने), त्यामुळे नवशिक्यांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आला आहे, असे मी समजतो.

सर्वांत आधी, हसण्याची लाज वाटून घेऊ नये. या आनंदाची दखल थोरामोठ्यांनी घेतलेली आहे. जर्मन लोकांनी त्यासाठी 'शाडनफ्रॉइड' असा स्वतंत्र शब्द करून ठेवला, ज्याच्या पहिल्या अर्ध्या भागाचा अर्थ नुकसान आणि दुसऱ्याचा आनंद. म्हणजे खतावणीतल्यासारखे एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा. ॲरिस्टॉटलने तर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच या मनोविकाराची नोंद केली. त्याने त्याची गणना वाईटात केली हे खरे, पण त्याला पोह्याच्या गाडीपाशी उभे राहण्याची संधी मिळालेली नव्हती. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५१ मध्ये लिहून ठेवले, की दुसऱ्यातले व्यंग दिसताच आपल्याला स्वतःच्या मोठेपणाचा जो अचानक साक्षात्कार होतो, त्यातून हसू फुटते. हे अगदी बरोबर आहे. समोरचा जितका खाली जातो तितके आपण जागच्या जागी उंच होतो, आणि तेही टाचा न उचलता. आपल्या भाषेने हा सगळा ग्रंथविस्तार 'परदुःख शीतळ' या दोन शब्दांत उरकला आहे. मे महिन्यात जिथे पारा चाळिशी ओलांडतो, त्या शहरात शीतळ वस्तू वाया घालवणे शहाणपणाचे नाही.

मात्र हसावे ते शास्त्राला धरून. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिलेले आहेत: स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. प्रतिष्ठित माणसाने, विशेषतः त्याच्या मुलीचे लग्न व्हायचे असेल तर, स्कूटर घसरल्यावर स्मितावर थांबावे आणि टोमॅटो सांडल्यावर हसितापर्यंत जावे. अपहसित म्हणजे नको त्या वेळी हसणे. त्यात डोळ्यांत पाणी येते, खांदे आणि डोके हलू लागते. हा प्रकार अधमांचा म्हणून शास्त्राने खालच्या पायरीवर ठेवला असला, तरी व्यवहारात मला तोच सर्वांत सुरक्षित वाटतो. डोळे ओले, खांदे हलत आहेत, मान खाली आहे; रस्त्याच्या पलीकडून पाहणाऱ्याला वाटते, की काय कोमल मनाचा माणूस आहे हा.

येथे कोणी मयसभेचा दाखला देईल. दुर्योधनाने पाण्याला जमीन समजून पाऊल टाकले, तो अंगावरच्या वस्त्रांसह पाण्यात पडला, भीम हसला, नोकरचाकर हसले, आणि त्या हसण्याची वसुली पुढे अठरा अक्षौहिणी सैन्याकडून झाली, असे कीर्तनकार हात जोडून सांगतात. पण पांडवांची चूक हसण्यात नव्हती, माणूस निवडण्यात होती. ते चुलत भावावर हसले. चुलत भाऊ घर ओळखतो, सणावाराला समोर येतो, वर फासे खेळायला बोलावतो. अनोळखी माणूस यातले काहीही करत नाही. तो उठतो, पँट झटकतो, दोनतीनदा किक मारतो आणि आपल्या आयुष्यातून कायमचा निघून जातो. म्हणून हसण्यासाठी नेहमी अनोळखी माणूसच निवडावा. या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे.

अडचण अशी, की इंदूरच्या मराठी माणसाला खात्रीचा अनोळखी माणूस मिळणे सोपे नाही. मागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळपासून त्या खड्ड्यात चार जण पडून झाले होते. चौथा होता घरपोच जेवण पोहोचवणारा एक पोरगा, विशीतलाही नसेल. त्याचे कोपर सोलवटले होते, पण तो कोपराकडे न पाहता पाठीवरचा चौकोनी डबा उघडून आत काय सांडले आहे ते बोटाने चाचपत होता. गाडीवरून कोणी तरी ओरडले, "भिया, पार्सल तो बच गया ना?" आणि सगळे मनमोकळे हसले. मीही हसलो, प्रकार बहुधा विहसित असावा. पोरगा काही बोलला नाही. त्याने डबा बंद केला, मोबाइल शर्टाला पुसला, पडद्यावर किती मिनिटे उरली आहेत ते पाहिले आणि तो गेला.

पाचव्या मिनिटाला पाचवे गृहस्थ आले. तोच खड्डा, तेच पाणी, पडण्याची तऱ्हाही तीच. हसू ओठांपर्यंत आलेले असताना गृहस्थांच्या तोंडून शब्द निघाले, "अगं आई गं!"

पोह्याच्या गाडीवर एकदम शांतता पसरली. "अहो, हे तर आपले दिसतात!" असे म्हणत एकाने प्लेट खाली ठेवली. दोघांनी त्यांना काखेत हात घालून उभे केले, तिसऱ्याने स्कूटर उचलून कडेला लावली, चौथ्याने कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची पैदा केली. "कुठले आपण?" "देवासचा. इथे राजेंद्रनगरला मेहुण्याकडे निघालो होतो." "देवासचे? मोठ्या पातीचे की धाकट्या?" (देवासला पूर्वी दोन राजगाद्या होत्या, मोठी पाती आणि धाकटी पाती.) गुडघ्यातून रक्त गळत असताना त्यांनी बिचाऱ्यांनी उत्तर दिले. मग आडनाव निघाले, आडनावावरून मामा निघाले, मामांवरून एका काकूंचे माहेर निघाले, आणि हळद-चुना येईपर्यंत ते माझ्या साडूंच्या चुलत घराण्यातले ठरले होते. त्यांना कमी तिखटाचे पोहे देण्यात आले आणि पैसे घेतले गेले नाहीत. "हा खड्डा म्हणजे अगदी जीवघेणा आहे हो," असे मी स्वतः तीनदा म्हणालो. त्या सकाळी पहिल्या चौघांच्या वेळी तो नुसता खड्डा होता.

यावरून घ्यायचा धडा एवढाच, की हसण्यापूर्वी पडलेल्या माणसाला एक वाक्य बोलू द्यावे. आपल्या शहरात कचरा गाडी दारात आली, की ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा द्यावा लागतो, आणि या शिस्तीमुळेच इंदूरला २०१७ पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मान मिळत आला आहे. दुःखाचेही तसेच वर्गीकरण करावे. आपल्या माणसाचे दुःख ओले, त्यात डोळे भिजवावेत. परक्याचे सुके, ते शेवेसारखे वरून भुरभुरवायचे असते. दोन्ही एका डब्यात टाकणारा माणूस मनाने चांगला असू शकेल, पण त्याला नागरिकशास्त्र कळत नाही.

अध्यात्माची ओढ असलेल्यांनी पतंजलींकडे वळावे. चित्त प्रसन्न राहावे म्हणून त्यांनी चार वृत्ती सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि पापी माणसाविषयी उपेक्षा. चारही औषधे अस्सल आहेत, फक्त बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आपल्या सोयीने बदलून घ्याव्यात. सुखी माणसाची उपेक्षा करावी. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर तिचा रंगही विचारू नये. पुण्यवानाविषयी करुणा बाळगावी, कारण या जगात त्या बिचाऱ्याचे कसे व्हायचे. पापी माणसाशी मैत्री ठेवावी, कामे त्याच्याच ओळखीने होतात. राहिली मुदिता, ती दुःखी माणसासाठी मोकळी राहते. मी हा प्रयोग केला आहे आणि माझे चित्त अत्यंत प्रसन्न असते.

काही वाचकांना हसताही येत नाही आणि मदतही करवत नाही. त्यांच्यासाठी घाई ही उत्तम सोय आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवले गेले, आणि वाटेत दारापाशी एक माणूस कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी त्याला काही ना काही मदत केली. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यातल्या फक्त १० टक्क्यांनी. गंमत अशी, की निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या बायबलातल्या त्या भल्या माणसाची गोष्ट हाच होता, आणि त्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा घरातून दहा मिनिटे उशिराच निघावे. निर्दय म्हणवून घेण्यापेक्षा वक्तशीर म्हणवून घेणे केव्हाही बरे.

पोलिसांच्या झेंगटाची सबब मात्र आता जपून वापरावी. "उचलायला गेलो असतो हो, पण मग जबाब, साक्ष, कोर्टाच्या चकरा," हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी किती विश्वासाने वापरले! सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याचीही त्याला सक्ती करता येत नाही. एवढ्यावर न थांबता, गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला सरकारने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचे बक्षीस ठेवले आणि पुढे ते २५,००० केले. करुणेचा भाव पाचपट चढला, तरी आमच्या वळणावर तिचा साठा कोणी बाहेर काढलेला नाही. शिवाय कलम १३४अ अजून तेथे कोणाला ठाऊक नाही, त्यामुळे जुनी सबब आणखी काही पावसाळे चालून जाईल.

अहिल्याबाईंचे नाव घेऊन कोणी तोंड बंद करू पाहील, त्यालाही उत्तर तयार ठेवावे. त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, आणि पाणी प्यायला आलेल्याला कोणी आडनाव विचारले नाही. मान्य. पण त्यांचा कारभार १७९५ पर्यंतचा, आणि त्यांच्यापाशी मोबाइल नव्हता. घसरणाऱ्या माणसाचे चित्रीकरण करता येणे आणि तरीही हात पुढे करणे, या मोहाची परीक्षा त्यांना द्यावी लागली नाही. आम्ही त्यांचा पुतळा राजवाड्यासमोर उभा केला आहे, विमानतळाला त्यांचे नाव दिले आहे. आणखी काय करायला हवे?

शेवटी धोक्याची एक सूचना. देवासचे गृहस्थ गेल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या गाडीवर प्लेटा विसळणाऱ्या मुलाने कडुलिंबाची एक वाळलेली फांदी आणली, तिला लाल फडके बांधले आणि गुडघाभर पाण्यात उतरून ती खड्ड्यात रोवली. कोणी सांगितले नव्हते. फांदी कलू नये म्हणून त्याने बुडाशी तीन विटा लावल्या, त्यातली एक मालकाच्या शेगडीखालची होती आणि त्याबद्दल त्याने बोलणीही खाल्ली. मी त्याला समजावून पाहिले. म्हटले, बाळ, पुढच्यास ठेच लागते तेव्हाच मागचा शहाणा होतो, तू तर सगळ्या मागच्यांचे शिक्षणच बंद पाडलेस. त्याने हात पँटला पुसले आणि विचारले, "काका, तुमच्या पोह्यांवर जीरावन घालू?"

तेव्हापासून स्कूटरी ती फांदी पाहून बाजूने जातात. लोक आठ मिनिटांत पोहे खाऊन कामाला लागतात, दुसरी प्लेट कोणी मागत नाही. मी मात्र अजून रोज थांबतो. परवाच्या पावसाने एक वीट सरकली आहे आणि फांदी जराशी डावीकडे झुकलेली दिसते.